मेन रोडच्या बोळातलं नोटा-नाण्यांचं दुकान: माल अस्सल, लेबल कच्चं

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे. बोळात शिरून लाकडी जिना चढलात की समोरच. नाशिकमध्ये परदेशी नोटांचा इतका साठा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मालक तरुण आहे, बोलायला गोड, आणि नोट हाताळताना कडेलाच धरतो. अर्धे गुण तिथेच.

मी नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधून निवृत्त झालोय. नोट हातात आली की आधी छपाई बघायची आणि किंमत मागून विचारायची, ही खोड काही जात नाही. माझं लक्ष होतं 1944 च्या दोस्त राष्ट्रांच्या लष्करी मार्कांवर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जिंकलेल्या जर्मनीत चालवायला त्यांनी छापलेल्या नोटांवर. या नोटेवर ना बँकेचं नाव, ना कुणाची सही. अल्बममध्ये सगळ्यांवर एकच चिठ्ठी: ‘जर्मनी, महायुद्ध’. मी म्हटलं, ‘‘भाऊ, यातल्या रशियन कुठल्या?’’ तर म्हणे, ‘‘काका, मार्क म्हणजे मार्क. रशियन काय अन् अमेरिकन काय!’’

अरे, सगळं भांडण तिथेच तर आहे! भिंग लावा. अमेरिकेत छापलेल्या नोटेच्या वेलबुट्टीत बारीकसा ‘एफ’ दडवलाय, बोस्टनच्या फोर्ब्स छापखान्याचा. रशियन नोटेत तो नाही, आणि क्रमांकाआधी छोटी आडवी रेघ आहे. रशियाला छापील नोटा नको होत्या, त्या छापायच्या प्लेट्स हव्या होत्या. वॉशिंग्टनच्या सरकारी छापखान्याचे प्रमुख आल्विन हॉल यांचा विरोध होता, तरी अमेरिकेचे अर्थमंत्री मॉर्गेन्थाऊ यांच्या खात्याने दिल्या. पुढे रशियन सैनिकांचा तुंबलेला पगार याच मार्कांत निघाला, बर्लिनच्या काळ्या बाजारात घड्याळं-सिगारेटींवर उधळला गेला, आणि अमेरिकन सैनिकांनी ते मार्क डॉलरमध्ये बदलून घरी धाडले. अमेरिकेच्या तिजोरीला सुमारे 25 कोटी डॉलरची खोट बसली.

त्यानंतर नव्या चलनाची बोलणी सुरू झाली, तेव्हा रशियाला लाइपझिगमध्येही छपाई हवी होती. जर्मनीतले अमेरिकेचे लष्करी प्रमुख जनरल क्ले अडून बसले: छपाई बर्लिनमध्येच, जर्मनी वाटून घेतलेल्या अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया या चौघांच्या नजरेखाली. हा आडमुठेपणा होता असं म्हणणारे आहेत. म्हणोत. आमच्याकडे खराब निघालेला कागदसुद्धा मोजून परत द्यावा लागे. दुसऱ्याच्या हातात प्लेट म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको.

अल्बममधली सगळ्यात बोलकी नोट मात्र शेवटच्या पानावर. 20 मार्च 1948 ला रशियाचे लष्करी प्रमुख सोकोलोव्हस्की या चौघांच्या नियंत्रण परिषदेतून उठून गेले, 20 जूनला पश्चिमेकडच्या तीन विभागांत नवा मार्क आला, माणशी आधी 40. रशियाकडे नव्या नोटा तयार नव्हत्या. 23 जूनला त्यांनी आपलं चलन जाहीर केलं आणि राइशमार्कवर, म्हणजे जुन्या जर्मन नोटांवर, चक्क कुपन चिकटवून वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशी पश्चिम बर्लिनमध्ये ‘बी’ (बर्लिन) शिक्क्याचे मार्क आले आणि रशियाने केलेली पश्चिम बर्लिनची नाकेबंदीही पूर्ण झाली. ऑगस्टमध्ये मॉस्कोत स्टालिनशी बोलणी झाली. बर्लिनभर रशियन मार्कच चालावा, हे तत्त्वतः मान्यही झालं. पण तो मार्क चलनात आणणाऱ्या बँकेवर लगाम कुणाचा, यावर सगळं फिसकटलं. ही कुपनवाली नोट मी घेतली. कुपन किंचित तिरकं लागलंय, एका कोपऱ्यात डिंक तपकिरी होऊन बाहेर आलाय. बहुतेक घाईत चिकटवलेलं.

तक्रार पाकिटांची. स्वस्त पीव्हीसी प्लास्टिक, उन्हाळ्यात चिकट होतं आणि शाई ओढतं. एवढा माल बाळगणाऱ्याने पाकिटात काटकसर करावी? माझी नोट सोडवताना जीव खालीवर झाला.

भारतीय कप्पा चांगला, पण महाग. ‘गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान’ असं छापलेली 1948 ची रिझर्व्ह बँकेची नोट बघायला मागा, आपल्याच नाशिकरोडला छापलेली आहे. किमतीत घासाघीस चालते.

पाचपैकी साडेतीन. भिंग स्वतःचं न्या, दुकानातलं ओरखडलेलं आहे. रशियन मार्क घेतलात तर बिलावर ‘रेघवाली, एफ नसलेली’ असं लिहून घ्या. तो लिहून देतो, फक्त मागावं लागतं.