स्वस्तातला ५ लिटरचा कुकर, ९ महिने वापरल्यानंतर

मागच्या गणपतीच्या आधी भुलेश्वरला जाऊन ५ लिटरचा कुकर घेतला, नावाजलेल्या कंपनीचा, म्हणजे झाकणावर नाव तरी तेच होतं. शोरूमला २,१०० सांगत होते, इथे १,२५०. दुकानदार म्हणाला ताई कंपनीचाच माल आहे, बिल हवं तर जीएसटी वेगळा, म्हणून बिल घेतलं नाही, इथेच चूक झाली माझी.

पहिले तीन महिने तक्रार नाही. मग गास्केट सैल, कडेनं वाफ, तळ मधोमध फुगला आणि कुकर शेगडीवर डुलायला लागला, तरी चालवून घेतलं. मे महिन्यात तूरडाळ लावलेली, फेस शिट्टीच्या भोकात अडकला, शिट्टीच होईना, आणि अशा वेळी सेफ्टी व्हॉल्व्ह उडायला हवा ना, त्यातला धातू जास्त तापला की वितळतो आणि वाफ मोकळी होते, तर तो ढिम्म! शेवटी गास्केट फाटून डाळ थेट छताला. सासूबाई दोनच मिनिटं आधी ओट्यापासून बाजूला झालेल्या. थंड झाल्यावर व्हॉल्व्ह खोलला तर नुसता भरीव पितळी बोल्ट, वितळणारं आत काही नाहीच. अजून अंगावर काटा येतो.

कुकरला आयएसआय मार्क सक्तीचा आहे, वर आयएस २३४७, म्हणजे कुकरच्या मानकाचा क्रमांक, आणि खाली सीएम/एल नंबर, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीचा परवाना क्रमांक. तो परवाना नंबर हा मार्क देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बीआयएसच्या, बीआयएस केअर ॲपवर टाकला तर भलतीच कंपनी निघाली. म्हणजे नाव एकाचं, नंबर दुसऱ्याचा, माल तिसऱ्याचा.

आपण सगळ्यालाच डुप्लिकेट म्हणतो, पण एखादं अक्षर बदलून तसाच खोका विकणं हे ट्रेडमार्कचं उल्लंघन, आणि हुबेहूब तेच नाव ठोकणं म्हणजे सरळ बनावट माल. ट्रेडमार्क कायदा १९९९ मध्ये बनवणाऱ्याला कलम १०३, विकणाऱ्याला १०४, दोन्हीकडे ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. कंपनी तिच्या नावासाठी भांडेल, पण मला राग आहे तो त्या बोल्टचा, कुणीतरी तो जाणूनबुजून बसवलाय.

ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला, त्यांनी पहिल्यांदा बिलच विचारलं.

नवीन कुकर घेताना दुकानातच नंबर टाकून नाव जुळवलं, पक्कं बिल घेतलं. जुना भंगारात देण्याआधी झाकणावरचं नाव हातोडीनं ठोकून चपटं केलं.