लोकलमधल्या स्टिकरवाले वशीकरण बाबा : एक स्टार, तोही लोबानाच्या वासाला

ट्रेनच्या डब्यात चिकटवलेलं असतं ना, रूठा प्यार, सौतन से छुटकारा, 24 घंटे में काम, त्यातलाच एक नंबर माझ्या मावसभावाने फिरवला आणि सोबत म्हणून मला ओढलं. नाव टाकत नाही, तसंही पुढच्या स्टिकरवर वेगळंच असेल.

चाळीत पहिला माळा, धूर एवढा की डोळे चुरचुरले. बसायचे 1100, 'सामाना'चे वेगळे 5100. आधी लिंबू कापून लाल रस काढून दाखवला, भाऊ गार! अरे, हे अंनिसवाले शाळेत येऊन करून दाखवायचे की, सुरीला लावलेल्या केमिकलची कमाल. आणि असले चमत्कार दाखवून पैसे उकळण्यावर आपल्याकडे 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, दाभोलकर गेल्यावर आठवड्याच्या आत वटहुकूम निघाला तो, 6 महिने ते 7 वर्षं शिक्षा. बाबा निवांत.

मग भावाला नकार दिलेल्या मुलीचं नाव, तिच्या आईचं नाव, फोटो, जमलं तर केस नाहीतर वापरलेला रुमाल. भावाने डीपीचा स्क्रीनशॉट बाबांना फॉरवर्डसुद्धा केला. एवढ्या चौकशीत ती 'नाही' का म्हणाली हे विचारलंच नाही हो! मीच म्हटलं, तिला यायचंच नसेल तर? तर म्हणे, "तिला कळणारच नाही, वाटेल आपल्याच मनाने चाललेय." आणि हे वर कौतुकाने सांगतात. मी मंत्रबिंत्र मानत नाही, पण भाऊ मानतो ना, मग त्याच्या हिशोबाने त्याने 6200 रुपयांत तिचा नकार खोडायला घेतला, लागू पडलं नाही हे तिचं नशीब.

आमच्या आधीच्या ताईंना नवऱ्याची दारू सोडवायची होती. त्यांना पुडी दिली, चहातून द्या, सांगू नका. आत काय ते देव जाणे. डॉक्टरसुद्धा डायसल्फिरामची गोळी देतात पण पेशंटला सांगून, कारण त्यावर दारू घेतली तर उलट्या, धडधड, बीपी पडून जिवावर बेतू शकतं. जिन्यात त्यांना हेच सांगितलं तर पुडी पर्सच्या आतल्या कप्प्यात सारत म्हणाल्या, "विचारलं तर घेतील का हो ते?" मला काही बोलता आलं नाही.

मुलगी अर्थातच आली नाही. फोटो मात्र अजून बाबांच्या मोबाइलमध्ये आहे, आणि हे तिला सांगायचं की नाही यावरून आमचं दोन आठवडे वाजलंय.