इंग्रजी अर्ज लिहिताना: ॲक्टिव्ह घ्यावा की पॅसिव्ह?

डिचोलीत आमच्या वाड्यावर कुणाला इंग्रजी अर्ज हवा असला की तो कागद फिरत फिरत माझ्याकडे येतो. मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या काकी आल्या. चार दिवस नळाला पाणी नव्हतं. नातवाने लिहून दिलं होतं, 'वॉटर इज नॉट बीइंग सप्लाइड टू अस.' व्याकरणात खोट काढायला जागा नाही, पण वाचून वाटावं पाणीच रुसून बसलंय. सोमवारी व्हॉल्व्ह कुणी बंद केला हे काकींनी स्वतः पाहिलं होतं. म्हणून मी लिहिलं, 'युअर स्टाफ क्लोज्ड द व्हॉल्व्ह ऑन मंडे अँड हॅज नॉट ओपन्ड इट सिन्स.' आता कुणाला तरी जाब द्यावा लागणार. आठवड्याने उत्तर आलं: 'युअर कम्प्लेंट हॅज बीन नोटेड.' नोंद कुणी घेतली, देव जाणे! पॅसिव्ह कशासाठी असतो हे कचेरीला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

तर तक्रारीत, करणारा ठाऊक असेल तर, ॲक्टिव्ह. ठाऊक नसेल तेव्हा पॅसिव्हच बरा. 'माय स्कूटर वॉज स्टोलन निअर म्हापसा मार्केट.' इथे 'समवन स्टोल माय स्कूटर' चुकीचं नाही, पण त्या 'समवन'मधून पोलिसांना नवं काय कळणार?

निबंधात हिशेब वेगळा. विषय गोवा असेल तर गोव्याला वाक्याच्या तोंडाशी राहू द्यावं: 'गोवा वॉज लिबरेटेड ऑन 19 डिसेंबर 1961.' 'इंडियन ट्रूप्स लिबरेटेड गोवा' हेही खरं, पण मग निबंध सैन्याकडे वळतो. पुढचं वाक्य मात्र 'इट बिकेम अ स्टेट ऑन 30 मे 1987'. 'बिकम'चा पॅसिव्ह होतच नाही. 'हॅपन', 'अराइव्ह', 'डाय' यांचाही नाही. तरी 'द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' मी दर महिन्याला खोडतो.

हॉटेलच्या नोकरीसाठी बायोडेटा लिहिताना ॲक्टिव्हच: 'मॅनेज्ड द फ्रंट डेस्क'. 'द फ्रंट डेस्क वॉज मॅनेज्ड बाय मी' लिहिणारा मुलगा कामचुकार वाटतो, नसला तरी. बीएस्सीच्या प्रॅक्टिकल वहीत 'द सोल्यूशन वॉज हीटेड' हा जुना रिवाज आहे. तुमचे सर मागतील ते द्या. देवळाबाहेरच्या पाटीला 'प्लीज रिमूव्ह युअर शूज' पुरे.

आपली खरी अडचण वेगळीच आहे. 'मी कविता लिहिली' हा मराठीत कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद कवितेप्रमाणे चाललं; पत्र असतं तर 'लिहिलं' झालं असतं. शाळेत कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असं घोकलेलं असतं. म्हणून काहीजण 'द पोएम वॉज रिटन बाय मी' लिहितात आणि मराठीशी इमान राखल्यासारखे खूश होतात. पण मराठी वाक्यात कवी काही मागे गेलेला नाही, तो पहिल्याच जागी बसलाय. इंग्रजीत त्याचं सरळ 'आय रोट अ पोएम' होतं. पॅसिव्हच्या जवळचं मराठी म्हणजे 'कविता लिहिली गेली' किंवा सरकारी 'लिहिण्यात आली'. अर्ज मनात मराठीत जुळत असेल तर एवढंच बघा: मनातल्या वाक्यात 'गेली', 'करण्यात आले' आहे का? नसेल तर बहुधा ॲक्टिव्ह.

आणि ते 'बाय'! परीक्षेत वाक्य उलटताना 'बाय' विसरलं की गुण जातात, म्हणून पोरं ते जन्मभर चिकटवत राहतात. प्रत्यक्षात बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत ते नसतंच. 'द थीफ वॉज अरेस्टेड' म्हटलं की पोलीस आलेच. 'बाय द पोलीस' कशाला?

एका ठिकाणी मात्र पसंतीला वावच नाही. फॉर्मवर लोक 'आय बॉर्न इन मडगाव' लिहितात. मराठीत आपण जन्मतो, जन्म घेतो, सगळं कर्तेपण आपलं. 'बॉर्न' हे मुळात 'बेअर'चं रूप, म्हणजे पोटी वाहणं, जन्म देणं. ते काम आईने केलेलं असतं, म्हणून 'आय वॉज बॉर्न'.