टुरेटसाठी सीबीआयटी: उपचार चांगला, वर्गात मात्र जपून

टुरेट हा मज्जासंस्थेचा विकार असलेल्या मुलाची मान झटका देते, घशातून आवाज निघतो आणि वर 'मुद्दाम करतोस' हेही त्यालाच ऐकावं लागतं. मुद्दाम तो काहीच करत नसतो. अशा टिक्ससाठी, म्हणजे आपोआप होणाऱ्या हालचाली आणि आवाजांसाठी, गोळ्यांच्या आधी विचार करावा असा उपचार म्हणजे सीबीआयटी (कॉम्प्रिहेन्सिव्ह बिहेवियरल इंटरव्हेन्शन फॉर टिक्स) ही वर्तनोपचार पद्धत. मूळ आराखडा १० आठवड्यांत ८ सत्रांचा. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ९ ते १७ वयाची १२६ मुलं होती. हा उपचार घेतलेल्यांपैकी ५२.५ टक्के मुलांना ठळक फरक पडला. नुसता आधार आणि माहिती मिळालेल्यांत १८.५ टक्क्यांना. म्हणजे जवळपास निम्म्यांना तेवढा फरक पडत नाही. हे आधीच स्पष्ट सांगणारा थेरपिस्ट निवडावा.

सगळ्यांत त्रास देणारी टिक आधी घेतात. शिंकेआधी नाक हुळहुळतं, तशी टिकआधी एक उबळ जाणवते. ती ओळखायला शिकवतात. लहान मुलांना ती नीट सांगता येत नाही, तिथे घाई नको. मग टिकच्या आड येणारी हालचाल बसवतात. मानेच्या झटक्यासाठी हनुवटी जराशी खाली, नजर समोर, मानेचे स्नायू हलके आवळलेले, एक मिनिट किंवा उबळ ओसरेपर्यंत. घसा खाकरण्यासाठी तोंड मिटून नाकाने संथ श्वास. हे बाकावर बसून, लिहिता लिहिता, कुणाच्या लक्षात न येता जमलं पाहिजे. नाहीतर मूल शाळेत ते करतच नाही.

खरा घोळ वर्गातच होतो. शिक्षक सगळ्यांदेखत 'व्यायाम कर ना' म्हणतात आणि लक्ष वेधलं गेल्याने टिक वाढते. 'आज मान हलली नाही तर बक्षीस' हा त्याहून वाईट प्रकार. बक्षीस द्यायचंच तर सराव केल्याचं द्या. गणिताच्या तासाला आवाज आला म्हणून बाहेर काढलं, तर गणितातून सुटका होते आणि त्या तासाला टिक वाढू शकते. बाहेर कधी जायचं ते मुलाने ठरवावं: ठरलेलं कार्ड बाकावर ठेवायचं, पाच मिनिटांत परत यायचं, राहिलेलं गणित पुढे सोडवायचं.

त्यामुळे थेरपिस्ट शाळेशी बोलणार का, हे पहिल्याच भेटीत विचारा. परीक्षेला वेगळी खोली, जादा वेळ, हाताच्या किंवा डोळ्यांच्या टिक्स असतील तर नोट्सची प्रत, या सवलती सत्रं सुरू झाली तरी चालू राहाव्यात. टिक्स आपोआपही कमीजास्त होतात. एका चांगल्या आठवड्यावरून काहीही बंद करू नका.