क्रोशाच्या वस्तू विकणाऱ्यांनी एकदा पाहावे असे राजारामपुरीतील दुकान

राजारामपुरीतील या लोकरीच्या दुकानात मी गेली दोन वर्षे जात आहे. लोकर, सुती दोरा, सुया, खेळण्यांचे डोळे हे सारे कोल्हापुरात इतरत्रही मिळते आणि महाद्वार रोडवर कधीकधी थोडे स्वस्तही पडते. तरीही घरी विणून वस्तू विकणाऱ्या प्रत्येकीने एकदा तरी येथे यावे असे मला वाटते, ते येथील पॅटर्नच्या, म्हणजे वस्तू टाक्याटाक्याने कशी विणायची हे लिहिलेल्या, कागदांसाठी. प्रत्येक कागदाच्या तळाशी रचना कोणाची, ती कोणाच्या परवानगीने छापली आणि तिच्यावरून विणलेली वस्तू विकता येते की नाही, हे मराठीत स्पष्ट छापलेले असते.

त्या ओळींचे मोल मला ठेच लागल्यावर कळले. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दुकानातून मी पॅटर्नची झेरॉक्स केलेली वही घेतली होती. तिच्यातील सशावरून बारा ससे विणून मी दिवाळीच्या प्रदर्शनात मांडले आणि पहिल्याच दिवशी त्यांतील सात विकले गेले. संध्याकाळी एक मुलगी आली, तिने ससा उलटा करून शेपटीची जोडणी नीट पाहिली आणि मोबाइलवर तोच ससा, मूळ रचनाकार बाईंच्या नावासह, मला दाखवला. घरी येऊन वही उघडली तेव्हा पानाच्या वरची दोन बोटे रुंद कोरी पट्टी प्रथमच माझ्या डोळ्यांत भरली. नावावर कागद ठेवून झेरॉक्स काढलेली होती. ज्या बाईंनी टाका न् टाका मोजून तो ससा लिहून काढला, त्यांना माझ्या पैशांतील एक रुपयाही पोहोचला नव्हता, याचे मला फार वाईट वाटले. मी मूळ पॅटर्न विकत घेतला आणि घडलेले सारे त्यांना कळवले. हाताने विणलेले ससे जरूर विका, रचनेला माझे नाव लावा, पॅटर्न मात्र कोणालाही देऊ नका, असे त्यांचे उत्तर आले.

नेमका हाच भेद या दुकानाच्या मालकीणबाई, ज्यांना आम्ही सगळ्याजणी वहिनी म्हणतो, प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला समजावून सांगतात. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने पॅटर्नचा मजकूर, आकृत्या आणि छायाचित्रे यांना ती तयार होताच संरक्षण मिळते, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि पॅटर्नच्या मजकुरावरील हा हक्क लिहिणाऱ्याच्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षे टिकतो. एकमेकांच्या लेखक-कलाकारांचे हक्क जपण्याच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात भारत असल्यामुळे परदेशातील रचनाकारही येथे उपरा ठरत नाही. कल्पनेवर आणि तंत्रावर मात्र कोणाचाही कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात कल्पनेविषयीचे हे तत्त्व स्पष्ट केले आहे. वहिनी ते सुईवरच दाखवतात. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या ओढून घट्ट होणाऱ्या फासात, सहा मुके खांब (आखूड, साधे टाके) घ्यायचे, पुढच्या फेरीत 12, मग 18, मग 24; जगातील बहुतेक विणलेले चेंडू आणि बाहुल्यांची डोकी याच हिशेबाने वाढतात आणि हा हिशेब कोणाच्या मालकीचा नाही. त्या डोक्याला कान कोठे, कसे आणि किती टाक्यांचे लावायचे हे ज्या शब्दांत, ज्या चित्रांनी सांगितलेले असते, ते सांगणे रचनाकाराचे असते.

तयार वस्तूचा प्रश्न जरा नाजूक आहे. टोपी, मफलर यांसारख्या वापराच्या वस्तूंपर्यंत कागदावरचा हक्क सहसा पोहोचत नाही. पण स्वतःचा चेहरामोहरा असलेले खेळणे कलाकृती ठरू शकते, म्हणून त्या कागदावरची परवानगीची ओळ वाचल्याखेरीज विक्री करू नये, असे वहिनी बजावतात आणि मला ते पूर्ण पटते. कार्टूनमधील पात्रांचे पॅटर्न त्या ठेवतच नाहीत. मुलांच्या वाढदिवसासाठी त्यांना मोठी मागणी असते हे मी काउंटरवर उभी राहून ऐकले आहे, पण पात्र ज्याचे आहे त्याच्या परवानगीशिवाय ते विकणे योग्य नाही, मग ते हाताने विणलेले का असेना, यावर त्या ठाम आहेत.

एक उणीव सांगणे भाग आहे. गेल्या वर्षी येथे एका परदेशी शालीचा मराठी कागद विक्रीला होता. भाषांतर फारच सुरेख होते. अमेरिकी पद्धतीतील सिंगल क्रोशे ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणवला जातो, त्या गोंधळातून सोडवून सारे साखळी, मुका खांब, खांब अशा आपल्या शब्दांत उतरवलेले होते. मात्र तळाशी परवानगीची ओळ नव्हती, आणि भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाचाच असतो. मी विचारले तेव्हा वहिनी क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “ताई, नाव घातलं म्हणजे झालं असं वाटलं होतं मला.” त्यांनी उरलेले कागद तिथल्या तिथे काउंटरखाली ठेवले आणि रचनाकाराचे लेखी उत्तर आल्यावरच, सुमारे तीन महिन्यांनी, पुन्हा बाहेर काढले. परवानगी आधीच घ्यायला हवी होती. पण चूक दाखवल्यावर विक्री थांबवणारे दुकान मी दुसरे पाहिलेले नाही.

आपल्या कामावर दुसऱ्याने नाव न घेता कमाई केली की काय वाटते, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि जून 2025 मध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या तशाच सँडल दिसल्या तेव्हा आपल्या कारागिरांचा साधा उल्लेखही नाही म्हणून गावभर संताप होता. तो कायदा निराळा आहे, पण दूर देशातील कोण्या बाईंच्या पॅटर्नची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकताना आपल्यातल्या कित्येकींना तो संताप आठवत नाही, याची मला खंत वाटते.

बाकी दुकानाविषयी थोडक्यात. चार पदरी सुती दोऱ्याचे रंग भरपूर आहेत, सुया सुट्या मिळतात, बिल न मागता मिळते. एकाच लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेली, लोकर मात्र दुसऱ्या खेपेला हमखास मिळेल असे नाही. माझ्या एका हत्तीची सोंड त्यामुळे अंगापेक्षा किंचित फिकी झाली. मोठी ऑर्डर असेल तर लेबलावरचा लॉट नंबर जुळवून सगळे गुंडे एकदमच घ्यावेत.