‘मॉलिक्यूल ऑफ द मंथ’: दर महिन्याला एक रेणू, तोही फुकट

पदवीच्या वर्षांत एटीपी सिंथेजशी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन असलेला एटीपी बनवणाऱ्या एन्झाइमशी, माझा संबंध परीक्षेपुरता होता. पेशीतल्या पडद्यात खोचलेला एक गोळा, दोन बाण, झालं. मग एका सरांनी पीडीबी-१०१ या रेणूंच्या रचना समजावणाऱ्या संकेतस्थळावरचं ‘मॉलिक्यूल ऑफ द मंथ’ हे सदर वाचायला सांगितलं आणि तो गोळा चक्क मोटर निघाला! प्रोटॉन शिरतात, पडद्यातलं चाक फिरतं, मधला दांडा फिरतो आणि एका फेरीत तीन एटीपी तयार. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी त्या दांड्याला ॲक्टिन या प्रथिनाचा तंतू चिकटवला, एटीपी देऊन मोटर उलटी चालवली आणि तंतू गरगरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हे वाचलं आणि संशोधनातच जायचं ठरलं. पुढे कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून प्रथिनं शुद्ध करत बसावं लागतं, हे त्या लेखात नव्हतं म्हणा.

हे सदर रेणूंची चित्रं काढणारे शास्त्रज्ञ डेव्हिड गुडसेल यांनी जानेवारी २००० मध्ये मायोग्लोबिनपासून (स्नायूंत ऑक्सिजन साठवणारं प्रथिन) सुरू केलं. त्रिमितीय रचना उलगडलेलं हे पहिलं प्रथिन, तेव्हा मान त्याचाच. मजकूर आटोपशीर असतो, पण खरी कमाई चित्रांची. गुडसेल यांचं ई. कोलाय या जिवाणूचं जलरंगातलं चित्र मी व्याख्यानांना मोठं छापून नेते. हिरवी पेशीभित्ती, प्रथिनं बनवणारे जांभळे रायबोसोम, मध्ये पिवळा डीएनए, आणि सगळीकडे नुसती खेटाखेटी. शाळेत एका मुलीनं विचारलं, “यात रिकामी जागा कुठेय?” नाहीच फारशी! पाठ्यपुस्तकातली पेशी म्हणजे पाण्यात तरंगणारी चार-पाच भांडी. खऱ्या पेशीत एन्झाइमं एकमेकांना धक्के देतच काम करतात. असा प्रश्न कुणीतरी विचारावा, यासाठीच मी प्रयोगशाळा सोडून शाळांमध्ये जाते. आमचा विषय नावांच्या याद्यांखाली गाडला गेलाय आणि त्यात आम्हा शिकवणाऱ्यांचाही हात आहे.

आता उणिवा. मजकूर इंग्रजीत आहे आणि अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) म्हणजे काय हे वाचकाला ठाऊक आहे असं धरून चालतो. त्यामुळे नववी-दहावीच्या मुलांसमोर मधे कुणीतरी समजावणारं लागतंच. दुसरं म्हणजे रंग. बहुतेक प्रथिनांना स्वतःचा रंग नसतो, चित्रातले रंग चित्रकारानं ठरवलेले. हे आधी सांगितलं नाही तर मुलं रायबोसोम जांभळाच समजून घरी जातात. (हिमोग्लोबिन मात्र खरोखर लाल, त्यातल्या हीम या लोहयुक्त भागामुळे.) संकेतस्थळावरचं डीएनएचं कागदी मॉडेल झकास आहे, फक्त साध्या कागदावर छापा, जाड कागदाच्या घड्या नीट बसत नाहीत.

श्रेय दिलं की चित्रं मोफत वापरता येतात, शिक्षकांना आणखी काय हवं! सुरुवात मात्र एटीपी सिंथेजने करू नका, ते माझं लाडकं असलं तरी. हिमोग्लोबिन घ्या. त्याच्या बीटा या अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू होतात आणि लाल पेशी कोयत्यासारखी वाकते. सिकल सेल हा या आजाराचा शब्द मुलांनी बहुधा ऐकलेला असतो, पुढचे प्रश्न तीच विचारतात.