सांगलीत राहून लिहिण्यावर घर चालवायचंय? पुस्तक, सिरीयल, अनुवाद की साहेबांचा गौरवग्रंथ

नोकरी सोडून फुलटाइम लिहायचं म्हणणारे हल्ली वरचेवर भेटतात आणि सगळे पहिल्यांदा हेच विचारतात की पैसे कशात जास्त. मी म्हणतो ते नंतर बघू. आधी बघा पैसे हातात कधी पडतात, आणि लिहून झाल्यावर ते लिखाण कोणाचं राहतं. या दोन गोष्टी धरून एकेक काम शेजारी शेजारी ठेवलं की सांगली-मिरजेत बसून काय जमेल आणि कशासाठी गाव सोडावं लागेल ते बऱ्यापैकी दिसायला लागतं.

पुस्तकापासून सुरू करू, कारण मनात सगळ्यांच्या तेच असतं. समजा पुस्तक ३०० रुपयांचं आणि रॉयल्टी १० टक्के, म्हणजे प्रतीमागं ३० रुपये. हजारची आवृत्ती पूर्ण संपली तर ३० हजार, आणि हजार प्रती संपायला दोन-तीन वर्षं लागली तरी मराठीत कोणाला नवल वाटत नाही. त्यात हिशोब वर्षातून एकदा, तोही मागितल्यावर. जुनी कररचना घेतली तर साहित्यिक पुस्तकाच्या रॉयल्टीवर वर्षाला ३ लाखांपर्यंत वजावट मिळते, पण ती मर्यादा गाठणारे मराठी लेखक कितीसे असतील ते तुम्हीच बघा. स्वतः छापायचं म्हणाल तर आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक आपल्याकडं फुकट मिळतो, त्यामुळं कोणी पॅकेजमध्ये त्याचे पैसे लावले असतील तर सरळ विचारा कशाचे. वाटा मोठा राहतो हे खरं, पण दुकानदार-वितरक कमिशन मागणार आणि उरलेले गठ्ठे आपल्याच कॉटखाली येणार. किंडलवर मराठी ई-बुक टाकता येतं, तिथं ७० टक्के रॉयल्टीचा आकडा दिसतो, पण भारतातल्या विक्रीवर तो पाहिजे तर पुस्तक ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट योजनेत घालावं लागतं म्हणजे ते ई-बुक दुसरीकडं कुठंच विकायचं नाही, नाहीतर मग ३५. एकूण पुस्तकाचे पैसे सगळ्यात उशिरा येतात, पण हक्क सगळ्यात जास्त तुमचा, तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. नातवंडांची सोय म्हणा, तुमची नाही.

सिरीयल बरोब्बर उलटी. तिथं पैसे एपिसोडवर, आणि डेली सोप म्हणजे आठवड्याला सहा-सात एपिसोड, त्यामुळं चालू असेपर्यंत महिन्याचा आकडा इथल्या कुठल्याही कामापेक्षा मोठा दिसतो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे अशी वाटणी असते आणि नवीन माणूस बहुतेक संवादातून आत शिरतो. आपल्या भागातली बोली नीट लिहिणारा माणूस त्यांना पाहिजेच असतो, कारण मुंबईत बसून लिहिलेलं 'काय रं' आणि 'लई भारी' ऐकून इथं लोक टीव्हीवर चप्पल फेकायच्या बेतात असतात. पण शूटिंग वाईला नाहीतर साताऱ्यात चालतं म्हणून लिहायचं काम साताऱ्यात मिळतं असं अजिबात नाही. चॅनलची माणसं मुंबईत, प्रॉडक्शनचं ऑफिस मुंबईत, आणि ओळख होईपर्यंत तुम्हाला तिथं दिसावं लागतं. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघून सकाळी मीटिंगला हजर असं काही दिवस निभतं, कायम नाही. ओळख झाली की मग फोनवर, झूमवर चालतं. गुरुवारी टीआरपी आला की ट्रॅक बदलतो, मेलेला माणूस परत येतो, आणि तुम्ही आधी लिहून दिलेले चार सीन कचऱ्यात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पेमेंट दोन-तीन महिने मागं चालतं हे तिथं नॉर्मल धरतात, म्हणजे काम मिळालं त्या दिवसापासून तीन महिन्यांचा घरखर्च तुमच्याकडं शिल्लक पाहिजे. आणि सिरीयल बंद होते ती पंधरा दिवसांच्या सूचनेवर. हक्क करारानं त्यांच्याकडं जातात. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं लेखकाचा रॉयल्टीतला वाटा सही करूनही सोडून देता येत नाही असं केलंय, कायदा म्हणून हे मोठं आहे, पण त्याच्यावर महिन्याचं बजेट मांडू नका.

आता ज्याबद्दल कोणी लेखक उघड बोलत नाही ते काम, साहेबांसाठी आणि संस्थांसाठी लिहायचं. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' नाटक केलं ते सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं, १८५१ मध्ये राजेसाहेब गेले, आश्रय आटला, तेव्हा भाव्यांनी मंडळी घेऊन दौरे काढले आणि मुंबईत तिकीट लावून खेळ केले. आज राजा नाही पण साहेब आहेत, साखर कारखाना आहे, पतसंस्था आहे, दूध संघ आहे, शिक्षणसंस्था आहे, आणि या प्रत्येकाला लिहिणारा माणूस लागतो. कोणाची साठी, कोणाचा अमृतमहोत्सव, संस्थेचं पन्नासावं वर्ष, त्याची स्मरणिका. गौरवग्रंथात चाळीस लोकांचे 'साहेब आणि मी' छापाचे लेख असतात, त्यातले निम्मे फोनवर दहा मिनिटं बोलून घेऊन तुम्हीच लिहायचे, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा वाटला पाहिजे. हे वाटतं तेवढं हलकं काम नाही, संवादलेखनाची याच्याइतकी तालीम मी दुसरीकडं बघितलेली नाही. धोका एकच, ग्रंथासाठी गौरव समिती नेमतात आणि प्रकाशन झालं की समिती हवेत विरते. मग पैसे मागायचे कोणाकडं? त्यामुळं निम्मे आधी, आणि उरलेले फाइल प्रेसला जायच्या आधी. प्रकाशनानंतर मिळते ती शाल आणि नारळ.

संस्थांचे वार्षिक अहवाल त्याहून बरे. सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळं जुलै ते सप्टेंबर श्वास घ्यायला वेळ नसतो, पण पैसे व्हाउचरवर, चेकनं, आणि काम चांगलं झालं की पुढच्या वर्षी परत तेच गिऱ्हाईक. नाव कुठंच येत नाही. भाषणांची तर अजून गंमत आहे, जाहीर भाषणाचा कॉपीराइट कायद्यानं मुळात बोलणाऱ्याचा धरतात, म्हणजे तुम्ही रात्रभर जागून लिहिलं तरी टाळ्याही त्यांच्या आणि हक्कही त्यांचाच. त्यामुळं भाषणाचे पैसे रोख आणि आधी.

अनुवाद आणि कंपन्यांचं कंटेंट ही कामं पुस्तक आणि सिरीयल यांच्या मधे बसतात. शब्दावर रेट असतो. शब्दाला एक रुपया धरा, दिवसाला १५०० शब्द आणि महिन्याचे २२ दिवस, ३३ हजार होतात, पण एवढं काम दर महिन्याला सलग मिळत नाही ही त्यातली मेख. मशीननं केलेला अनुवाद 'फक्त तपासून द्या' म्हणून निम्म्या दरात द्यायला बघतात आणि तो तपासायला नवीन लिहिण्याएवढाच वेळ जातो, तेव्हा जनरल ब्लॉग, प्रॉडक्टची वर्णनं असल्या कामावर आता घर उभं करू नका, ते पडणार. टिकतं ते ज्यात तुम्हाला विषय कळतो. तासगाव-पलूसकडच्या माणसाला द्राक्षाची छाटणी, डावणी, भुरी, बेदाण्याचं शेड हे पुस्तकातून शिकावं लागत नाही, आणि औषध कंपनी, ड्रिपवाले, पीकविमा यांना शेतकऱ्याला कळेल असं लिहिणारा माणूस खरंच मिळत नाही. तिथं रेटही तुम्ही सांगायचा. पुस्तकांच्या अनुवादात शक्यतो एकरकमीऐवजी आगाऊ रक्कम अधिक रॉयल्टी मागा, आणि अनुवादक म्हणून नाव आत कुठंतरी नको, कव्हरवर पाहिजे.

दिवाळी अंक, ऑडिओ कथा, ॲपवरच्या मालिका कथा हे सगळं करा, हात चालता राहतो. घर चालवायला मोजू नका. दिवाळी अंकाचं मानधन काही ठिकाणी तुळशीच्या लग्नापर्यंत येतं, काही ठिकाणी नुसता अंक येतो.

मग निवडायचं काय? घर स्वतःचं असेल, भाडं नसेल, तर मी अहवाल-स्मरणिका आणि शेतीवरचं कंटेंट यावर महिना बसवेन आणि सकाळचे दोन तास पुस्तकाला देईन. वय पंचविशीचं असेल, मागं कर्ज नसेल, बोली हातात असेल तर सिरीयलसाठी दोन वर्षं मुंबईत काढून बघा, तिथला पैसा साठवला तर पुढची पाच वर्षं इथं शांतपणे लिहिता येतं, फक्त तो साठवला पाहिजे, कार घेतली की संपलं. घरात दुसरा पगार नाही आणि मुलं शाळेत आहेत अशांनी मात्र नोकरी सोडू नये, अर्धवेळ यातलं एखादं काम वर्षभर करून किती येतात ते स्वतःच्या पासबुकात बघावं.

आणि काहीही निवडलं तरी कराराचा कागद मागा, दोन पानी असला तरी चालेल. हक्क किती वर्षांसाठी दिलेत ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत, तेव्हा गप्प बसलेला करार कधीकधी लेखकाच्याच फायद्याचा पडतो, पण 'सर्व हक्क कायमस्वरूपी' अशी ओळ दिसली की तिथं पेन थांबवा आणि रक्कम वाढवून मागा. सिरीयलची कथा कोणालाही ऐकवायच्या आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं ऑनलाइन रजिस्टर करा. कंपन्या फी देताना बहुतेक १० टक्के टीडीएस म्हणजे आगाऊ कर कापतात, तो बुडाला म्हणून सोडून देणारे लेखक मी बघितलेत, रिटर्न भरा आणि जो जास्तीचा कापला गेलाय तो परत मागा, तुमचेच पैसे आहेत ते.